वीणा खाली ठेवायची नसते

गुरुवार मला कधीच आवडला नाही. हे तोंडानं बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहून टाकते. बोलले तर आमच्या टिटवाळ्याच्या सोसायटीतल्या बायका म्हणतील, काकू, असं काय बोलता, तुमच्यामुळे तर भजन चालतं. तेच तर दुखणं आहे. माझ्यामुळे चालतं. मी आजारी पडले तर भजन पुढच्या गुरुवारी, मी गावाला गेले तर भजन मी आल्यावर. लग्नाआधी कळव्यात, लग्नानंतर डोंबिवलीत आणि आता मुलानं इथे टिटवाळ्याला फ्लॅट घेतल्यावर या नव्या बिल्डिंगीत, तीन ठिकाणच्या तीन मंडळांना मी भजन सांगितलं. सांगितलं म्हणजे पुढे बसून पहिली ओळ मी उचलायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिली ओळ उचलणाऱ्या बाईला कधी खोकला येऊन चालत नाही, कधी शब्द विसरून चालत नाही, आणि कधी कंटाळा येऊन तर अजिबातच चालत नाही.

याची सुरुवात आमच्या कळव्याच्या चाळीत झाली. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, आणि ओहोटी लागली की खाडीचा वास सरळ स्वयंपाकघरात. आई कोकणातली, गळा माहेरून घेऊन आलेली. बाबा कारखान्यात, बहुतेक दुसऱ्या पाळीला, त्यामुळे दुपारी घर आमचंच असायचं. गुरुवारी आईच्या अंगात वारं शिरायचं. कुळथाची पिठी आणि भात, एवढ्यावर जेवण उरकायचं. खाट उभी करून गॅलरीत, त्यावर वाळत घातलेली गोधडी, आणि खाटेखाली जुन्या लुगड्यात बांधलेलं टाळांचं गाठोडं बाहेर. ते गाठोडं उचललं की आतून खळ्ळ असा एक आवाज यायचा. तो आला की मी समजायचे, आता संध्याकाळपर्यंत या घरात मला अभ्यासाला जागा नाही. मग एकेक बाई यायची. साळवीकाकू पेटी घेऊन यायच्या. त्यांच्या पेटीचा भाता फाटका होता, त्यावर चिकटपट्टी लावलेली, त्यामुळे सुराबरोबर फुस्स फुस्स असं काहीतरी ऐकू यायचं. अजून मला भजन म्हटलं की आधी ते फुस्स फुस्स ऐकू येतं, देव नंतर.

आईचा आवाज फार मोठा नव्हता. पण भरलेला होता, शिजलेल्या भातासारखा, कुठे कच्चा कण सापडायचा नाही. ती गायला लागली की गॅलरीतून जाणारा माणूस चपला वाजवायचा नाही. मला आईचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. घरात आमच्याशी बोलताना तो आवाज कुठे जायचा कोण जाणे. आमच्या वाट्याला "शैले, कुकर बघ" आणि "शैले, पाणी भर" एवढंच.

मंडळाची एक रीत होती, आईनंच घातलेली. मंडळात जिचा आवाज सगळ्यात खाली लागतो, तिला जमेल त्या पट्टीत भजन उचलायचं. ती बाई म्हणजे पार्वतीबाय. कळव्याच्या जुन्या गावठाणातल्या, नऊवारी नेसणाऱ्या, आयुष्यभर मिठागरात आणि भातशेतीत राबलेल्या, मंडळात सगळ्यात थोरल्या. कुणी जरा वर सूर लावला की त्या टाळ थांबवायच्या आणि हात हलवून म्हणायच्या, "बायो, जरा खाली घे. मना नाय पोचत." की लगेच सगळं मंडळ खाली यायचं. साळवीकाकू कुरकुरायच्या. "वहिनी, एका बाईसाठी आपण सगळ्यांनी विहिरीत उतरायचं का?" आई म्हणायची, "तिला पोचलं की सगळ्यांना पोचतं. तुमचा आवाज खाली आल्यानं झिजणार आहे का?" त्यावर साळवीकाकूंची पेटी तेवढी फुस्स फुस्स करायची.

माझा आवाज वरचा होता. काळी पाच. शाळेत गाण्याच्या बाईंनी पेटीवर बोट ठेवून मला दाखवलं होतं, ही तुझी पट्टी. त्या दिवशी कुणी मला घर बांधून दिलं असतं तरी इतका आनंद झाला नसता. आईच्या मंडळात मात्र पार्वतीबायची पट्टी, त्यामुळे मागे बसून म्हणताना माझा आवाज नुसता गळ्यात घुटमळायचा. मी तिथे फक्त टाळ वाजवायचे. गाणं मी न्हाणीघरात गायचे, बादलीवर तांब्या वाजवत, माझ्या पट्टीत.

अकरावीत असताना त्याच शाळेच्या बाईंनी डोंबिवलीच्या परांजपेबाईंचं नाव काढलं. परांजपेबाई घरी गाणं शिकवायच्या, मोजक्याच मुली घ्यायच्या, आणि आधी आवाज ऐकायच्या. वर्षाला एखादीच जागा रिकामी व्हायची. बाबा स्वतः जाऊन विचारून आले. "चैत्रात ये म्हणाल्या. हनुमान जयंतीच्या आधीच्या शुक्रवारी, पाच वाजता. एकटीनंच ये म्हणाल्या, बरोबर कोणी नको." बाबा फार बोलणारे नव्हते, पण त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा चहा मागितला आणि दोन्ही वेळा मलाच करायला लावला, आणि पिताना माझ्याकडे बघत राहिले. आईनं एवढंच विचारलं, "गुरुवार नाही ना?" मी म्हटलं, शुक्रवार. "मग ठीक आहे," ती म्हणाली.

त्याच वर्षी आईचा आवाज बिघडत चालला होता. आधी सकाळी घोगरा असायचा, दुपारी सुटायचा. मग दुपारीही सुटेना. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. ठाण्याच्या डॉक्टरांनी गळ्यात गाठी आल्यात असं सांगितलं आणि सहा महिने न बोलायला बजावलं. आईनं घरात बोलणं बंद केलं आणि गुरुवारी गाणं चालू ठेवलं. म्हणजे आम्हाला "कुकर बघ" हेसुद्धा खुणेनं, आणि उरलासुरला आवाज देवाला. बाबा एकदा चिडून म्हणाले, "अगं, देव काय पळून जातोय?" तिनं हातानंच उत्तर दिलं, बायका पळून जातील. आणि ते खोटं नव्हतं. सांगणारी नसली की भजनाला येणाऱ्या बायका कशा पांगतात हे मी पुढे तीन ठिकाणी बघितलं.

आता त्या शुक्रवारचं सांगते. चाळीमागच्या मारुतीच्या देवळात हनुमान जयंतीआधी अखंड नामाचा सप्ताह असायचा. सात दिवस देवळात नाम थांबू द्यायचं नाही. प्रत्येक मंडळाला दोन दोन तासांचा पहारा वाटून दिलेला. पहाऱ्यावरच्या एकानं वीणा गळ्यात घालून उभं राहायचं आणि नाम सांगायचं, बाकीच्यांनी बसून मागून म्हणायचं. आणि वीणेचा नियम कडक. ती खाली ठेवायची नाही. दुसऱ्यानं येऊन आपल्या गळ्यात घेतली तरच आपल्या गळ्यातून उतरवायची. बायकांच्या मंडळाला पहारा नेहमी दुपारचा, दोन ते चार. पत्र्याचं छप्पर, चैत्रातलं ऊन. पुरुषांना ती वेळ झोपेची, म्हणून ती बायकांच्या भक्तीसाठी राखून ठेवलेली. चारला आमच्याकडून वीणा घ्यायला ठाण्यातल्या खोपटचं एक मंडळ यायचं होतं.

मी साडेतीनला घरातून निघाले. बाबांनी आणलेलं आकाशी रंगाचं पातळ, पहिल्यांदाच नेसलेलं, वेणीत अबोली. डोंबिवली काही फार लांब नाही, पण मला लवकर पोचून बाईंच्या दारात थोडं उभं राहायचं होतं, धाप जाईपर्यंत. वाटेत देवळात डोकं टेकावं म्हणून शिरले. एवढंच. चपला बाहेर काढल्या त्यासुद्धा तोंडं रस्त्याकडे करून, पटकन घालता याव्यात म्हणून.

आई वीणा घेऊन उभी होती. मी नमस्कार करून वळले तेवढ्यात तिचा आवाज गेला. घोगरा झाला नाही, फाटला नाही. गेला. तोंड उघडलं होतं, ओठ हलत होते आणि बाहेर नुसता वारा. मागच्या बायकांनी सवयीनं म्हटलं, पुढची ओळ आलीच नाही, तेव्हा सगळ्यांचे टाळ अडखळले. आईनं माझ्याकडे बघितलं. दोन पावलं पुढे आली, आपल्या गळ्यातला पट्टा काढला आणि माझ्या गळ्यात घातला. माझी अबोली त्यात अडकून तुटली. मी तोंड उघडलं आणि नाम उचललं, पार्वतीबायच्या पट्टीत. मला वाटलं, चार वाजतील, खोपटच्या बायका येतील, मग मी धावत सुटेन. अर्ध्या तासाचा तर प्रश्न.

चार वाजले. खोपटच्या बायका आल्या नाहीत. त्यांनी केलेला टेम्पो खाडीपुलावर बंद पडला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की दारात कोणी नाही. आणि चाळीत पाणी यायचं चारला. अर्धा तास नळ, मग दुसऱ्या दिवशीच. एकेक बाई टाळ खाली ठेवून, मारुतीला हात जोडून, माझ्याकडे बघून कसनुसं हसून निघाली. त्यांना तरी कसा बोल लावू? पाणी भरलं नाही तर संध्याकाळी स्वयंपाक कसा करायचा. मागे उरल्या साळवीकाकू, पार्वतीबाय आणि आई. आई भिंतीला टेकून टाळ वाजवत होती. साळवीकाकूंचं तोंड नुसतं हलायचं, त्यांना पेटीशिवाय सूर सापडत नसे. पार्वतीबायच्या पायांना वीणा घेऊन उभं राहणं झेपत नव्हतं, पण बसून प्रत्येक ओळ म्हणत होत्या, जीव लावून.

देवळातल्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, कुणीतरी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं. मी त्याच्यासमोरच उभी. काटा पाचाकडे सरकायला लागला तेव्हा मी नाम घेता घेता मानेनं आईला घड्याळ दाखवलं. तिनं बघितलं. नीट बघितलं, शंका नको. मग डोळे मिटले आणि टाळ वाजवत राहिली. पार्वतीबायना काय ते उमगलं असावं, त्या ओळ सोडून म्हणाल्या, "लीले, पोरीला कुठं जायचा हाय काय गो?" आईनं डोळे उघडले नाहीत. टाळ मात्र जरा जोरात वाजायला लागला.

मी वीणा ठेवून निघून जाऊ शकत होते का? गेली पन्नास वर्षं मी स्वतःला हे विचारतेय. सतरा वर्षांच्या मुलीच्या हातून सात दिवसांचं अखंड नाम मोडलं असतं तर चाळीनं आईला काय काय ऐकवलं असतं, ते मला माहीत होतं. पण त्यापेक्षाही, मला ते सुचलंच नाही. खाली ठेवायची नाही म्हणजे नाही. नियम डोक्यात असे बसलेले असतात की पाय जमिनीला खिळतात.

खोपटच्या बायका घामानं निथळत आल्या तेव्हा सहा वाजायला आले होते. त्यांच्यातल्या एका जाड्या बाईनं माझ्या गळ्यातून वीणा घेतली, माझ्याच पाया पडली आणि म्हणाली, "फार पुण्य लागलं बाळ तुला." मला तिथे रडू फुटलं. बायकांना वाटलं भक्तीनं.

दुसऱ्या दिवशी बाबा रजा टाकून मला डोंबिवलीला घेऊन गेले. परांजपेबाई दारातच म्हणाल्या, "काल पाचला एक मुलगी आली होती, तिला मी घेतलं." बाबा नुसते उभे राहिले. त्यांचं ते उभं राहणं बघून बाईंना दया आली असावी. "बरं, ये. गा काहीतरी." तानपुरा लावला, माझ्या पट्टीत, काळी पाच. मी तोंड उघडलं आणि चिरक्या दरवाज्यासारखा आवाज निघाला. अडीच तास नाम सांगून घसा बसलेला होता. बाईंनी हात वर केला. आवाज चढवून बोलल्या नाहीत. "गळा असा वापरून टाकायचा नसतो गं," म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षी आईचा आवाज परतला नव्हता. परतलाच नाही कधी. गुरुवार माझ्याकडे आला होता, आणि बारावीचा अभ्यासही होता, आणि बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, त्यातलं शिंगरू मी.

त्या शनिवारी आम्ही डोंबिवलीहून घरी आलो तर आईनं घावणे केले होते. मऊ, जाळीदार, आणि बरोबर गूळ घातलेला नारळाचा रस. आमच्याकडे घावणे सणालाच व्हायचे. तिनं पानात एक वाढला, दुसरा वाढला, तिसरा वाढला. मी खाल्ले. भूक लागली होती आणि घावणे चांगले झाले होते, खोटं कशाला सांगू. ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. मला वाटत होतं, आता काहीतरी खूण करील, हात तरी धरील. तिनं रसाचं भांडं पुढे सरकवलं. पुढे ती वीसेक वर्षं जगली, घोगऱ्या कुजबुजीत सगळं काही बोलली, माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस राबली. पण त्या शुक्रवारबद्दल अक्षर नाही. आवाज नव्हता हे मान्य. पण घेतेस का, जायचंय का, एवढं विचारायला मान पुरते. ती हलली नाही, याचा मला अजून राग आहे. आई गेली तरी तो गेला नाही. आई आवडत नव्हती असं नाही. दोन्ही एकदम असतं, त्याला काय करणार.

लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा वाटलं, सुटले. परांजपेबाईंची गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तोवर बाई पुण्याला मुलाकडे गेल्या होत्या. आणि माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती. पहिल्याच गुरुवारी सासूबाई शेजारणींना म्हणाल्या, "आमची सूनबाई भजन सांगते हो." झालं. तिथे पार्वतीबाय नव्हत्या, पण प्रत्येक मंडळात कुणीतरी असतंच जिला पोचत नाही. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या पट्टीत गायले. लोक म्हणायचे, शैलाताईंचा आवाज किती शांत आहे. तो शांत नव्हता, दाबलेला होता.

आता यंदाचं. टिटवाळ्याच्या आमच्या सोसायटीत पार्किंगशेजारी मारुतीचं छोटं देऊळ बांधलंय. सप्ताह वगैरे आता कुणाला झेपत नाही, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं एक दिवसाचं नाम. पण वीणा खरीखुरी आणि नियम तोच. दुपारचा पहारा अर्थात बायकांकडे, आणि वीणा अर्थात माझ्या गळ्यात. आठदहा बायका बसलेल्या. माझे गुडघे दुखत होते, पाठीला रग लागली होती, आणि आवाज एकेका ओळीला खाली खाली येत होता. इतक्यात माझी सून केतकी पाण्याची बाटली द्यायला आली. गळा चांगला आहे तिचा, भांडी लावताना गुणगुणते तेव्हा ऐकलंय मी. बाहेर जायला निघालेली, खांद्याला पर्स. तिनं बाटली पुढे केली आणि माझा आवाज अडकला. सगळ्या बायकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. माझा हात पट्ट्याकडे गेला. आपोआप गेला, मी नेला नाही.

मी तो तिथेच थांबवला. विचारलं, "केतकी, घेतेस का? नको असेल तर नको म्हण."

ती गडबडली. बायकांकडे बघून, खालच्या आवाजात म्हणाली, "नको, आई. मला निघायचंय. आणि खरं सांगू, मला हे नाही करायचं."

"मग जा," मी म्हटलं. "उशीर होईल."

ती गेली. फाटकातून वळून एकदा बघितलं तिनं, मी हात केला. इतकं सोपं होतं. आईला हे दोन शब्द जड झाले आणि त्यापायी माझा सगळा जन्म खालच्या पट्टीत गेला. मग मी पट्टा डोक्यावरून काढला आणि वीणा मारुतीसमोरच्या पाटावर ठेवली. नाम थांबलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची टीं टीं.

"काकू, काय झालं?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "दमले."

मी मागे जाऊन भिंतीशी बसले, पाय लांब करून, हातात टाळ घेऊन. मग दुसऱ्या मजल्यावरची मयूरी उठली, नवीनच राहायला आलेली, जीन्स घालून भजनाला येते म्हणून बायका तिला नावं ठेवतात. "मी घेऊ का? मला चाल पूर्ण नाही येत, चालेल ना?" असं सगळ्यांना विचारून तिनं वीणा गळ्यात घातली, उलटीच आधी, मग सुलटी. आणि नाम उचललं. उंच, मोकळं, जरा बेसूर. कुणाचा विचार न करता लावलेला सूर. मला पेटी लागत नाही, मी ओळखला. काळी पाच.

न्हाणीघरातली माझी पट्टी. मी तोंड उघडलं, पण आवाज अर्ध्यातच राहिला. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग टाळ थांबवला, हात हलवला आणि म्हटलं, "मयूरी, जरा खाली घे गं. मला नाही पोचत."

तिनं लगेच खाली घेतलं.